पेटीतले वडील

अकोल्याच्या रेल्वे स्टेशनाकडून येताना मोर्णा ओलांडली की शहराचा नूर पालटतो. रस्ते आखडतात, गल्ल्या वळणे घेऊ लागतात, दोन घरांच्या मधून एखादा बुरूज डोकावतो. हे जुने शहर. असदगड, राजराजेश्वराचे मंदिर, जयहिंद चौक, हरिहरपेठ, डाबकी रोड अशा नावांनी ओळखले जाणारे. इथल्या जुन्या घरांना माळा असतो आणि माळ्यावर बहुधा एक पत्र्याची पेटी असते. तिच्यावर कधीकाळी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेले घरच्या कर्त्याचे नाव, त्याखाली नुसते ‘अकोला’. तो कर्ता गेला, तेरवी आटोपली, पाहुणे आपापल्या गावी पांगले, की केव्हातरी ही पेटी खाली येते.

पेटी उघडण्याचे कारण अगदी व्यवहाराचे असते. विम्याचा कागद हवा असतो, सातबाराची जुनी नक्कल हवी असते, पेन्शनच्या फायलीतला एखादा आदेश मिळत नसतो. शोधायचे असते हे आणि हाताला लागते भलतेच. फिरकीचा तांब्या. तोंडाला डाक लावून बंद केलेली गंगाजलाची लोटी. पुठ्ठ्याची चार इवलीशी तिकिटे. कुठल्याशा धर्मशाळेची पावती. एका फोटोत तरुणपणीचे वडील समुद्राकडे पाठ करून उभे, शेजारी खांद्यावर हात टाकलेला एक माणूस, ज्याला घरात कोणीच ओळखत नाही. मग प्रश्न निघतो, “बाबा समुद्राकडे कायले गेलते?” आई चष्मा पुसते, फोटो उजेडाकडे धरते आणि म्हणते, “मले तरी कोठी सांगतलं होतं!”

वऱ्हाडातल्या मागच्या पिढीचे वडील घरात कमी बोलत. मुलांनी पाहिलेले वडील म्हणजे वेळेवर निघणारे, वेळेवर येणारे, खुंटीला सदरा टांगणारे वडील. रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसाबरोबर दशम्या वाटून खाणारा, परमुलखातल्या स्टेशनवर हिंदीत हुज्जत घालणारा माणूस मुलांना क्वचितच दिसला. तो पेटीत भेटतो. मात्र त्याला भेटायचे तर पेटीतल्या वस्तू वाचाव्या लागतात. नुसत्या कवटाळून चालत नाही.

पुठ्ठ्याच्या तिकिटापासून सुरुवात करायला हरकत नाही. हे तिकीट साधारण ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद. त्याचा जनक थॉमस एडमंडसन. इंग्लंडमध्ये लाकूडकाम करणारा हा माणूस धंद्यात बुडाला आणि १८३०च्या दशकात एका लहान स्टेशनवर नोकरीला लागला. प्रत्येक उतारूला हाताने पावती लिहून देण्याचा त्याला कंटाळा आला. त्याने पुठ्ठ्याची तिकिटे छापून घेतली, प्रत्येकावर ओळीने अनुक्रमांक घातला आणि तारीख दाबून उमटवणारे यंत्रही बनवले. हीच पद्धत पुढे हिंदुस्थानभर आली. खिडकीपलीकडून येणारा ‘खट्’ असा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ते यंत्र वेगळे समजावून सांगायला नको.

या तिकिटाबद्दल एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. प्रवास संपला की तिकीट फाटकावर परत द्यायचे, असा रेल्वेचा रिवाज होता. म्हणजे वडिलांनी आयुष्यात पाचशे प्रवास केले असतील तर पाचशेही तिकिटे टीसीच्या हातात गेली असणार. जी चार पेटीत उरली, ती उरायला काहीतरी कारण घडले. फाटकावर कोणी नसेल. मधल्याच स्टेशनवर उतरावे लागले असेल. परतीचा प्रवास झालाच नसेल. किंवा ते प्लॅटफॉर्म तिकीट असेल, म्हणजे वडील कुठेच गेले नाहीत, कोणाला तरी पोचवायला गेले आणि ते तिकीट मात्र त्यांनी पन्नास वर्षे जपले. पेटीतल्या सगळ्या वस्तूंत हे प्लॅटफॉर्म तिकीट सर्वांत बोलके आणि सर्वांत मुके असते.

अनुक्रमांकही पाहावेत. तिकिटे खिडकीवर क्रमाने विकली जात. एकाच तारखेची, एकाच गावाची, लागोपाठच्या क्रमांकांची दोन तिकिटे निघाली तर वडील एकटे नव्हते. बरोबर कोण होते हे तिकीट सांगत नाही, पण ‘बाबा नेहमी एकटेच फिरत’ ही घरातली समजूत तिथल्या तिथे मोडते.

तारीख पुसली गेली असली तरी काळ ठरवता येतो. तिकिटावर जीआयपी रेल्वेचे नाव असेल तर ते ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचे, कारण त्या दिवशी जीआयपी नव्या मध्य रेल्वेत विलीन झाली. भाडे रुपये-आणे-पैत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचे. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर त्यानंतरचे, आणि तेही १९६४ च्या मध्यापर्यंतचे, कारण मग ‘नवे’ हा शब्द गळाला. तिसरा वर्ग छापलेला असेल तर १९७४ च्या पुढे जाता येत नाही. पाकिटावरच्या पत्त्यात पिनकोड नसेल तर ते पत्र १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असण्याचा संभव जास्त. हे शेवटचे जरा सांभाळून घ्यावे. आपल्याकडे पिनकोड लिहायचा आळस नंतरही बरीच वर्षे टिकला.

अकोल्याच्या कागदांना आणखी एक खूण असते, ती पुण्या-मुंबईच्या कागदांना नसते. एखाद्या पावतीवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे छापलेले सापडेल. १९५० नंतरच्या पावतीवर ‘मध्यप्रदेश’. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९४० च्या सुमारास नोकरीला लागलेला जुन्या शहरातला कारकून घराचा उंबरठाही न बदलता चार वेगवेगळ्या प्रांतनावांखाली राहून गेला. त्याच्या प्रवासाचा काळ काढायला ही नावे घड्याळाइतकी उपयोगी पडतात. राजधानी नागपूर असताना कामासाठी पूर्वेच्या गाडीत बसणारा माणूस १९५६ नंतर पश्चिमेच्या गाडीत बसू लागला, हे तिकिटांच्या गठ्ठ्यात सरळ दिसते.

हे सगळे वाचूनही वडील गेले कुठे एवढेच कळते. का गेले, हे कळायला आणखी काही लागते. त्याचे उत्तम उदाहरण अकोल्यापासून फार लांब नाही, अमरावतीत आहे.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे दादासाहेब खापर्डे. जन्म १८५४. काही वर्षे सरकारी नोकरी, मग अमरावतीत वकिली. १८९७ चे काँग्रेस अधिवेशन अमरावतीला भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. टिळकांचे जिवलग, हजरजबाबी वक्ते आणि राहणीने इतके थाटाचे की लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि महिनाभराच्या आत, १५ ऑगस्टला, चोपन्नाव्या वर्षातले दादासाहेब विलायतेच्या बोटीत बसले. टिळकांसाठी प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागायची होती. ती लागली नाही. दोन वर्षांहून अधिक काळ ते तिकडे राहिले आणि १९१० च्या ऑक्टोबरमध्ये रंगूनमार्गे परतले. रंगूनमार्गे येण्याचे कारण मंडालेच्या तुरुंगात होते. तिथे टिळकांना भेटून मग ते अमरावतीला आले.

दादासाहेबांना रोजनिशी लिहायची सवय होती. एखाद्या वर्षाचा हा हौशी प्रकार नव्हता. १८७९ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा काळ त्या वह्यांत आहे. इंग्रजीत, रोजच्या रोज, कोण भेटले, काय बोलणे झाले, कुठे गेलो याची नोंद. या वह्या आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या आधाराने त्यांचे पुत्र बाळकृष्ण गणेश खापर्डे यांनी वडिलांचे मराठी चरित्र लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९६२ मध्ये, वडील जाऊन चोवीस वर्षे झाल्यावर.

चोवीस वर्षे हा आकडा ज्यांनी वडिलांची पेटी उघडली आहे त्यांना कळेल. कागद लगेच वाचवत नाहीत. आधी अक्षर पाहूनच डोळे भरतात, मग संसार आडवा येतो, मग आपणही वडिलांच्या त्या वयाला पोचतो आणि तेव्हा कुठे मजकूर दिसू लागतो.

दादासाहेबांच्या वह्यांतला एक भाग वेगळा छापला गेला आणि देशभर वाचला जातो. तो शिर्डीचा. विलायतेहून परतल्यावर काही आठवड्यांतच, ५ डिसेंबर १९१० ला ते प्रथम शिर्डीला गेले आणि आठवडाभर राहिले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले ते थेट मार्च १९१२ पर्यंत तिथेच होते. तीन महिन्यांहून जास्त! ज्याच्या दारात पक्षकारांची रीघ लागे, ज्याच्या सभेत खसखस पिकायची, तो माणूस एका लहानशा गावात बसून काय करत होता? रोजनिशी सांगते ते असे: पहाटे उठलो, काकड आरती झाली, साईमहाराज बाहेर जाताना आणि परतताना दर्शन झाले, दुपारी मंडळींबरोबर ग्रंथ वाचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मधूनमधून अमरावतीला परतण्याची परवानगी मागितल्याचा आणि ती न मिळाल्याचा उल्लेख. बस.

या मुक्कामाचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचे दोन सूर आहेत. टिळक तुरुंगात, सरकारची नजर त्यांच्या साथीदारांवर, तेव्हा खापर्डे काही काळ राजकारणाच्या वाटेतून बाजूला झाले, असे काहींना वाटते. विलायतेतल्या अपयशाने आणि उत्पन्न थांबल्याने थकलेला माणूस श्रद्धेपाशी बसला, असे दुसरे म्हणतात. दोन्हींना पुरेल असा मजकूर वहीत आहे आणि दोन्हींपैकी एकाचीही कबुली नाही. रोजची नोंद ठेवणाऱ्या, भाषेवर हुकमत असलेल्या, वकिली पेशातल्या माणसाच्या लिखाणातून जर ‘का’चे उत्तर मिळत नसेल, तर जुन्या शहरातल्या एखाद्या मास्तरांच्या चार तिकिटांकडून ते मागणे जरा जास्तच आहे.

शिवाय रोजनिशी ठेवणारे थोडे. सामान्य घरात वडिलांचा प्रवास सापडतो तो कॅलेंडरवर. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ घराघरांत आले आणि त्याच्या चौकोनांत दुधाच्या खाड्यांबरोबर ‘सायं. पॅसेंजरने शेगाव’, ‘पंढरपूर – ११० रु.’ अशा नोंदी पडू लागल्या. दुधाचा आणि देवाचा हिशेब एकाच शाईत. अशी जुनी कॅलेंडरे रद्दीत घालण्याआधी एकदा चाळावीत, हे अनेकांना रद्दीवाला गेल्यावर सुचते.

वडिलांच्या प्रवासाचे एक दफ्तर मात्र घराबाहेर असते आणि ते बहुतेकांना वडील गेल्यावरच दिसते. अस्थी घेऊन मुलगा नाशिकला रामकुंडावर जातो किंवा विधीसाठी त्र्यंबकेश्वरी. तिथले तीर्थोपाध्याय विचारतात, “आडनाव? मूळ गाव?” मग कपाटातून लाल फडक्यात बांधलेली नामावळीची चोपडी निघते. त्यात त्या कुळातले कोण, केव्हा, कोणत्या निमित्ताने आले, बरोबर कोण होते, मुले किती, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले असते. जुनी पाने मोडीत, अलीकडची बाळबोधीत. येणारा स्वतः सही करतो. मुलगा पाने उलटतो आणि अचानक वडिलांची सही समोर येते, तीही त्यांच्या तिशीतली, पेन्शनच्या कागदावरच्या सहीसारखी थरथरती नव्हे. कधी त्या नोंदीत एखाद्या भावंडाचे नाव असते, जे लहानपणीच गेले आणि ज्याचा उच्चार घरात पुन्हा कोणी केला नाही.

या वह्यांचे मोल परदेशातल्या लोकांनाही कळले. अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या मायक्रोफिल्मवर घेतल्या. आपल्याकडे मात्र ‘गुरुजींकडे असेल कुठेतरी’ एवढ्यावर काम भागते.

गंगाजलाच्या लोटीकडे पुन्हा वळू. काशीला जायचे, गंगा आणायची, घरी आल्यावर मावंदे घालायचे, हा क्रम वऱ्हाडातही होता. लोटीचे तोंड डाक लावून बंद केलेले असे आणि ती फोडण्याचा प्रसंग एकच, घरातल्या कोणाचा तरी अखेरचा श्वास. म्हणून ती अजून बंद असेल तर तोही एक पुरावा आहे. घरात माणसे गेली, पण कोणी तरी ठरवून, नाहीतर घाईत विसरून, ती फोडली नाही. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरलेले वरसईचे विष्णुभट गोडसे हे तर गंगेची कावड पायी घेऊन कोकणात परतले आणि त्यांनी आई-वडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. त्यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलेला ‘माझा प्रवास’ छापला गेला तो १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या हातून. अकोल्याच्या माणसाला यातली कावड समजावून द्यावी लागत नाही. श्रावणात गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून रात्रभर चालत राजराजेश्वराला अभिषेक घालायला येणाऱ्या कावडी जुन्या शहराच्याच गल्ल्यांतून निघतात. अनेक वडिलांचा पहिला ‘प्रवास’ हाच होता. त्याचे तिकीट नाही. फार तर खांद्यावरचा घट्टा.

जुन्या शहरातल्या मुस्लिम घरांतही पेटी असते आणि तिच्यातली डबी लोटीची सख्खी बहीण वाटावी अशी असते. झमझमचे पाणी भरून, वरून डाक लावून बंद केलेली पत्र्याची डबी. शेजारी तसबीह, जानमाज आणि बोटीची कागदपत्रे. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्द्याला हजची बोट जात असे. ‘मोहम्मदी’, ‘अकबर’ ही नावे त्या पिढीला तोंडपाठ होती. अकोल्याहून रेल्वेने मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदी. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी खास नोटा काढल्या होत्या, दहाच्या आणि शंभराच्या, क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरे असलेल्या. तशी एखादी नोट जुन्या पाकिटात निघाली तर नाणी-नोटा जमवणारे तिला भलती किंमत देतात. मुलासाठी प्रश्न वेगळाच असतो. अब्बांनी ती खर्च का केली नाही? काटकसर, की आठवण, की परतीच्या वाटेवर खिशाच्या कोपऱ्यात नुसती राहून गेली?

प्रवास कधी इतका लांबतो की पेटी उघडणारे मूलच परक्या देशात जन्मलेले असते. वर्ध्याला जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिका. तिथे सैनिकी शिक्षण, शेतीचे शिक्षण, आणि १९१३ च्या गदर चळवळीच्या संस्थापकांत स्थान. महायुद्धात इराण, नंतर बर्लिन, मॉस्को आणि १९२४ मध्ये मेक्सिको. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या नि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले. १९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. मुली दोन, सावित्री आणि माया. १९४९ मध्ये शेतीविषयक सल्ल्यासाठी ते मायदेशी आले, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव अजून पुसलेले नव्हते आणि स्वतंत्र भारताच्या विमानतळावर त्यांना अडवले गेले. पुढे नागपुरात स्थायिक झाले, २२ जानेवारी १९६७ ला वारले.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठीत वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. या कुटुंबाचे एक प्रवासचिन्ह तर पेटीत मावणारेच नाही. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेराने १९२८ मध्ये रंगवलेल्या चित्रात, मेजाच्या टोकाशी बसून भाकरी मोडून देणारा माणूस म्हणजे खानखोजे. इटालियन छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने त्यांचे आणि त्यांच्या मक्याच्या प्रयोगांचे फोटो काढले, तेही आज जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहेत. आणि अकोल्यात, जिथे १९६९ पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे, तिथे किती जणांनी हे चित्र पाहिले असेल? सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोत खानखोज्यांचा पुतळा उभा राहिला तेव्हा आपल्याकडे दोन दिवस बातम्या आल्या, इतकेच.

अशी आयुष्ये विरळाच. पण १९६०-७०च्या दशकांत शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेले वडील वऱ्हाडातही बऱ्याच घरांत आहेत. त्यांच्या पासपोर्टची शेवटची पाने आधी पाहावीत. व्हिसाच्या शिक्क्यांपेक्षा तिथली परकीय चलनाची नोंद जास्त सांगते. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा ‘पी फॉर्म’ भरल्याशिवाय तिकीट मिळत नसे आणि हातात जेमतेम आठ डॉलर पडत, त्या काळाचा तो हिशेब आहे. ‘बाबा चहासुद्धा मोजून पीत’ ही मुलांची तक्रार ते पान पाहिल्यावर वेगळी वाटू लागते.

कागद वाचताना घाई मात्र नडते. फोटोतल्या अनोळखी बाईवरून घरात कुजबुज सुरू होते आणि मग मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले ‘देशपांडे मास्तरांची बहीण’ असे काहीसे निघते. त्यामुळे फोटो पाहण्याआधी फोटोची पाठ पाहावी. स्टुडिओचा शिक्का असला तर गाव कळते. आणि विचारायला माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. वडिलांच्या ऑफिसातला एखादा सहकारी, एखादी आत्या, पंढरीच्या वारीतला सोबती. वस्तू हातात घेऊन विचारले की ही माणसे बोलतात. नुसते ‘बाबांबद्दल सांगा’ म्हटले की ‘लय चांगला माणूस होता’ याच्या पुढे गाडी सरकत नाही.

अकोल्याचा उन्हाळा कागदाचा वैरी आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर काय होत असेल, याची कल्पना करावी. कागद कुरकुरीत होतो, फोटो वळतात, वाळवी असतेच. फाटलेल्या तिकिटाला चिकटपट्टी लावू नये, ती दहा वर्षांत पिवळी पडून अक्षरांसकट निघते. घडी उलगडून, साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात, खालच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात ठेवावे. एकदा मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, पण फोटो निघाला म्हणून मूळ कागद टाकू नये. पाकिटावर कुठे सापडले, कशाबरोबर सापडले, हे लिहावे. तिकीट आणि फोटो एकाच घडीत सापडले, ही गोष्ट त्या दोन्हींइतकीच मोलाची असते आणि पेटी आवरणारा उत्साही जावई ती पहिल्या पाच मिनिटांत नाहीशी करतो.

आजचे वडील पेटीत काय ठेवतील, हा प्रश्न उरतो. एसटीचे यंत्रातून येणारे तिकीट उष्णतेने उमटते आणि उष्णतेनेच जाते. वर्षभरात कोरी चिठ्ठी उरते. रेल्वेचे तिकीट मोबाइलमध्ये येते आणि मोबाइल बदलला की जाते. फोनला आपण कुठे कुठे गेलो ते मिनिटामिनिटाला ठाऊक असते, पण त्या फोनचा पासवर्ड बाबांबरोबरच गेलेला असतो.

काही मुले पेटी पाहून झाल्यावर एक ठरवतात: वडील गेले त्याच वाटेने एकदा जाऊन यायचे. अकोल्यात हे सोपे नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी नॅरोगेज शकुंतला बंद पडली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते आणि मालकी शेवटपर्यंत खासगी कंपनीची, त्यामुळे तिच्या प्रवासाच्या आठवणी सांगणारे वडील थोडे फुशारून सांगत. दुसरी वाट खांडव्याची. अकोल्याहून मीटरगेजने अकोट, मग मेळघाटचे जंगल, धूळघाटजवळ गाडी स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेत चढायची. ‘चारचा आकडा’ आला की पोरे खिडकीत गर्दी करत आणि खाली आपण आत्ताच सोडलेला रूळ पाहत. ओंकारेश्वरला, उज्जैनला जाणारे अर्धे जुने शहर याच गाडीने गेले. याच रुळांवरून जयपूरहून काचीगुड्याकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस अकोल्याला थांबत असे.

ती मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. अकोटपर्यंत आता ब्रॉडगेज आहे. त्यापुढे व्याघ्र प्रकल्पातून जाणारा जुना मार्ग पुन्हा वापरायचा नाही, रूळ जंगलाबाहेरून वळवायचे, असे ठरले आहे. पेटीतल्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर ‘अकोला ते ओंकारेश्वर रोड’ असे छापलेले असते, तारीख अर्धी पुसलेली, कोपऱ्याला टीसीच्या चिमट्याचा चावा. हीच दोन गावे मोबाइलमध्ये घातली की पडदा आधी पश्चिमेला भुसावळ दाखवतो, मग उत्तरेला खांडवा. धूळघाट त्या यादीत येत नाही.